सीमा, गावकूस आणि आगंतुक

गेल्या आषाढी पौर्णिमेस उपोसथानंतर जी धम्मचर्चा झाली, तीत एका ज्येष्ठ उपासकांनी आम्हांस सरळ प्रश्न केला. ते म्हणाले, "आपल्या विहाराला कुंपणभिंत आहे. रात्री फाटकाला कुलूप मीच लावतो. प्रत्येकाच्या घराला दार आहे. मग एखाद्या देशाने आपल्या हद्दीवर भिंत बांधली, तर धम्माच्या दृष्टीने त्यात गैर ते काय?" त्या वेळी मैत्रीभावनेविषयी चार शब्द बोलून आम्ही वेळ मारून नेली. उपासकांचे समाधान झाले नाही आणि खरे सांगावयाचे तर आमचेही झाले नाही. प्रस्तुत लेख हे त्या राहिलेल्या उत्तराचे देणे आहे.

प्रश्न केवळ तत्त्वाच्या पातळीवर ठेवला, तर तो सुटल्यासारखा वाटतो आणि सुटत नाही. म्हणून आधी एक प्रत्यक्ष कुंपण पाहू. १९८९ हे वर्ष या दृष्टीने मोठे विलक्षण आहे. त्या वर्षी ९ नोव्हेंबरला बर्लिनची भिंत कोसळली आणि भिंतींचे युग संपले, असे जगभर बोलले गेले. त्याच वर्षी आपल्या देशात भारत व बांगलादेश यांच्यामधील काटेरी कुंपणाचे काम सुरू झाले. १५ ऑगस्ट १९८५ च्या आसाम करारात अशा अडथळ्यांची तरतूद होती. ४,०९६ किलोमीटर लांबीच्या या सरहद्दीपैकी तीन हजार किलोमीटरांहून अधिक भागावर आज कुंपण उभे आहे.

हे कुंपण बहुतेक ठिकाणी सीमारेषेवर नाही, ही गोष्ट आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसते. सीमारेषेपासून १५० यार्डांच्या आत संरक्षणात्मक स्वरूपाचे बांधकाम करावयाचे नाही, असे दोन्ही देशांत १९७५ साली ठरले. त्यामुळे तार भारताच्या भूमीतच, रेषेच्या बरीच अलीकडे उभारावी लागली. परिणामी कित्येक भारतीय शेतकऱ्यांची शेते, आणि काही ठिकाणी राहती घरेही, कुंपणाच्या पलीकडे पडली. हे लोक भारताचे नागरिक आहेत, मतदार आहेत. परंतु आपल्याच शेतावर जाण्यासाठी त्यांना फाटक उघडण्याच्या ठरावीक वेळेची वाट पाहावी लागते, ओळखपत्र दाखवावे लागते आणि फाटक बंद होण्यापूर्वी परतावे लागते. रात्री कोणाला प्रसूतिवेदना सुरू झाल्या किंवा साप चावला, तर त्या घराच्या आणि दवाखान्याच्या मध्ये कुलूप असते. परकीयांसाठी उभारलेली तार प्रथम स्वकीयांवर आली, ती अशी.

७ जानेवारी २०११ रोजी याच कुंपणावर पंधरा वर्षांच्या एका बांगलादेशी मुलीचा सीमा सुरक्षा दलाच्या गोळीने मृत्यू झाला. शिडीवरून तार ओलांडताना तिचे कपडे काट्यांत अडकले होते आणि तिचा देह कित्येक तास तसाच लोंबकळत राहिला. त्या मुलीचे छायाचित्र जगभर गेले. पण एक तपशील फारसा कोणी ध्यानात घेतला नाही. ती भारतात शिरत नव्हती, वडिलांबरोबर आपल्या गावी परत चालली होती. जी तार येणाऱ्यास अडवते, ती जाणाऱ्यासही अडवते. अमेरिका आणि मेक्सिको यांच्या सरहद्दीवरही हाच अनुभव आला. तेथे १९९० नंतरच्या काळात पहारा जसा कडक झाला, तसे हंगामापुरते येऊन परत जाणारे मेक्सिकन मजूर परत जाईनासे झाले. कारण एकदा गेल्यावर पुन्हा येणे जिवावरचे ठरू लागले. ये-जा थांबवण्यासाठी जे केले, त्याने 'जा' थांबली.

आता विनयाकडे वळू. 'सीमा' हा शब्द विनयपिटकातील एक महत्त्वाची संज्ञा आहे, आणि तिचा अर्थ आपण आज करतो त्याहून फार वेगळा आहे. महावग्गातील उपोसथाच्या प्रकरणात तिची उत्पत्ती दिली आहे. भिक्षू आपापल्या टोळीने प्रातिमोक्षाचे पठण करू लागले, तेव्हा भगवंतांनी ते समग्र संघानेच करावे, असा नियम घातला. मग प्रश्न आला की, समग्र म्हणजे किती? साऱ्या पृथ्वीवरील भिक्षू एका ठिकाणी कसे जमणार? त्या अडचणीतून सीमा आली. पर्वत, शिळा, वन, वृक्ष, मार्ग, वारूळ, नदी आणि जलाशय ही तिची निमित्ते, म्हणजे खुणा. या आठ खुणांत भिंत नाही, तट नाही, कुंपण नाही. सीमा कोणाला बाहेर ठेवण्यासाठी आखली गेली नाही. आत असलेल्यांपैकी कोणी मोजणीतून सुटू नये, म्हणून आखली गेली.

सीमेविषयीचे उपनियम पाहिले म्हणजे ही गोष्ट अधिक स्पष्ट होते. सीमा तीन योजनांहून मोठी असू नये. कारण फार विस्तृत सीमेतील भिक्षू पठण संपता संपता पोहोचू लागले. नदीच्या दोन्ही तीरांना मिळून एक सीमा करावयाची असेल, तर तेथे कायमची नाव किंवा कायमचा पूल असला पाहिजे. दोन विहारांच्या सीमा एकमेकींवर चढू नयेत, म्हणून त्यांच्यामध्ये थोडी जागा सोडावी; तिला सीमंतरिका म्हणतात. (दीडशे यार्डांची पट्टी वाचताना आम्हांस सीमंतरिकेची आठवण झाली, हे कबूल केले पाहिजे, मात्र सीमंतरिकेत कोणाचे घर अडकवून ठेवण्याची सोय विनयात नाही.) आणि सर्वांत मोलाचा नियम आजारी भिक्षूविषयीचा आहे. तो उपोसथास येऊ शकत नसेल, तर त्याने आपल्या परिशुद्धीचा निरोप द्यावा. तेही शक्य नसेल, तर त्याला मंचकासह उचलून आणावे. हलवल्याने त्याचे दुखणे वाढेल किंवा तो दगावेल, असे शुश्रूषा करणाऱ्यांना वाटले, तर त्याला हलवू नये. संघानेच त्याच्याकडे जाऊन उपोसथ करावा.

या 'सीमे'चेच मराठी रूप म्हणजे 'शीव'. मुंबईतील शीव या स्थानकाच्या नावात ते आजही नांदत आहे. आपल्या जुन्या गावगाड्यात शीव आणि गावकूस या दोन निरनिराळ्या गोष्टी होत्या. शीव म्हणजे गावाच्या एकूण भूमीची हद्द; तिच्या आत शेते, कुरणे, ओढे, स्मशान आणि महारवाडाही येई. गावकूस म्हणजे वस्तीभोवतीची भिंत. महारवाडा तिच्या बाहेर. आपले पूर्वज शिवेच्या आत आणि गावकुसाच्या बाहेर होते. शिवेचा तंटा निघाला, तर साक्षीला महार लागे, कारण शीव त्याच्याइतकी कोणाला ठाऊक नसे. गावच्या वेशीवर राखणीला वेसकर म्हणून तोच उभा राही. ज्या भिंतीचे त्याने रक्षण करावयाचे, त्या भिंतीच्या आत त्याला घर नव्हते. भिंत आणि सीमा यांतील भेद आम्हांस कोणा पाश्चात्त्य पंडिताकडून शिकावा लागत नाही, तो असा. उपासकांनी घराच्या दाराची उपमा दिली. परंतु आपल्या समाजाला दारापेक्षा गावकुसाची आठवण अधिक जवळची असावयास हवी.

तथापि येथे घाई करू नये. धम्म राज्याचा अधिकारच मानीत नाही, असा अर्थ कोणी काढील, तर तो विनयाशी द्रोह होईल. दुसऱ्या पाराजिकेच्या विवरणात जकातनाक्याचा उल्लेख आहे. डोंगरखिंडीत, नदीच्या उतारावर किंवा गावाच्या वेशीत राजाने शुल्क बसवले असेल आणि भिक्षूने जकातीस पात्र असा पाच मासकांचा ऐवज चोरून नाक्यापलीकडे नेला, तर दुसरे पाऊल पडताच तो भिक्षू राहत नाही. राजाच्या सैनिकाला आणि पळालेल्या ऋणकोला प्रव्रज्या देण्यासही मनाई आहे. चीवर हा सरहद्द चुकवण्याचा परवाना नव्हे. राज्याने कोण येते, कोण जाते, याची नोंद ठेवावी, शस्त्रे आणि चोरटा माल अडवावा, यात धम्माला आक्षेप असण्याचे कारण आम्हांस दिसत नाही.

त्याचप्रमाणे आगंतुकालाही विनयाने मोकळे सोडलेले नाही. चुल्लवग्गात आगंतुक भिक्षूची कर्तव्ये सविस्तर सांगितली आहेत. त्याने वहाणा काढून, झटकून आवारात शिरावे. पाणी कोठले, भिक्षेस कोठे जावे, कोठे जाऊ नये, आणि येथील संघाचे काय संकेत ठरले आहेत, हे विचारून घ्यावे. पाठोपाठ निवासी भिक्षूंची कर्तव्येही आहेत: ज्येष्ठ आगंतुक दिसताच आसन मांडावे, पाय धुण्यास पाणी ठेवावे, सामोरे जाऊन पात्र-चीवर घ्यावे, निवासाची जागा दाखवावी. या व्यवस्थेत आगंतुक हा अपवाद नाही; तो येणारच, असे गृहीत धरलेले आहे. अनाथपिंडिकाने जेतवन दिले, ते चातुद्दिस संघाला, म्हणजे चारी दिशांच्या, आलेल्या आणि अद्याप न आलेल्या संघाला. कार्ले आणि नाशिक येथील लेण्यांत याच चातुद्दिस संघाच्या नावे दाने कोरलेली आहेत, आणि कार्ल्याच्या चैत्यगृहातील कित्येक स्तंभ धेनुकाकट येथील यवनांनी दिलेले आहेत. सह्याद्रीतील ही दाने घेताना कोणी दात्याचे मूळ विचारले नाही, असे नव्हे. मूळ विचारले आणि खांबावर कोरून ठेवले.

आता हक्काचा विचार करू. १० डिसेंबर १९४८ रोजी संयुक्त राष्ट्रांनी मानवी हक्कांचा जाहीरनामा स्वीकारला. त्याच्या १३ व्या कलमानुसार प्रत्येकास आपल्या राज्यात संचाराचा, तसेच स्वतःचा धरून कोणताही देश सोडण्याचा आणि स्वदेशी परतण्याचा हक्क आहे. १४ व्या कलमात छळापासून आश्रय मागण्याचा हक्क आहे. परक्या देशात शिरण्याचा सर्वसाधारण हक्क मात्र कोठेच नाही. म्हणजे बाहेर पडण्याचे दार सर्वांना उघडे आणि आत येण्याचे दार प्रत्येक राज्याच्या मर्जीवर! सर्व राज्यांनी आपापली दारे लावून घेतली, तर बाहेर पडण्याचा हक्क केवळ कागदावर उरतो.

बाहेर पडण्याचा हक्कही किती नाजूक असतो, याचे उदाहरण बाबासाहेबांच्या पत्रव्यवहारात आहे. फाळणीनंतर, १९४७ च्या डिसेंबरात, त्यांनी पंतप्रधान नेहरूंना लिहिले की, पाकिस्तानात अडकलेल्या अनुसूचित जातींच्या लोकांना तेथील सरकार भारतात येऊ देत नाही. झाडलोट आणि इतर हलकी मानलेली कामे करावयास माणसे हवीत, हे त्यामागचे कारण. इतरांसाठी सरहद्द ओलांडणे हा प्राण वाचवण्याचा मार्ग होता. ज्यांच्यावाचून शहरातील घाण उचलली जाणार नव्हती, त्यांना मात्र जाण्याचीच बंदी. गावकूस माणसाला बाहेर ठेवते आणि वेळप्रसंगी जखडूनही ठेवते, हे त्या पत्रातून दिसते.

सिद्धार्थाचे गृहत्यागही बाबासाहेबांनी याच प्रकाशात मांडले आहे. 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात शाक्य आणि कोलीय यांच्यातील रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटा येतो. शाक्य संघाने युद्धाचा ठराव केला, सिद्धार्थाने त्यास विरोध केला, आणि कुटुंबावर बहिष्कार व मालमत्तेची जप्ती ओढवू नये, म्हणून त्याने स्वतः परिव्रज्या, म्हणजेच देशत्याग, पत्करला. परंपरेतील चार दृश्यांच्या कथेहून ही मांडणी वेगळी आहे. आपण तिच्यातील युद्धविरोधाचा गौरव करतो; पण तिच्यात आणखी एक गोष्ट गृहीत आहे. शाक्यांचा देश सोडणाऱ्या त्या तरुणाला पुढे मगधात, राजगृहाच्या वेशीत, कोणी अडवले नाही.

येथवरचे सर्व आमच्या वाचकांस मान्य व्हावे. यापुढचे अवघड आहे.

चकमा हे चितगाव पर्वतप्रदेशातील थेरवादी बौद्ध लोक. १९६२ साली कर्णफुली नदीवर कप्ताई धरण पूर्ण झाले आणि त्या प्रदेशातील सुपीक जमिनीचा मोठा वाटा पाण्याखाली गेला. सुमारे एक लाख माणसे विस्थापित झाली. त्यांत बहुसंख्य चकमा होते. त्यांपैकी हजारो १९६४ पासून भारतात आले आणि त्यांना तेव्हाच्या नेफात, म्हणजे आजच्या अरुणाचल प्रदेशात, वसवण्यात आले. पुढे स्थानिक संघटनांनी त्यांना राज्य सोडून जाण्याच्या नोटिसा दिल्या. ९ जानेवारी १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, संविधानाचे २१ वे कलम नागरिकापुरते नाही. कोणत्याही व्यक्तीच्या जीविताचे रक्षण करणे राज्यास बंधनकारक आहे. २०१५ साली त्याच न्यायालयाने चकमांच्या नागरिकत्वाचे अर्ज तीन महिन्यांत निकाली काढण्याचा आदेश दिला. या निर्णयांचा आपणांस आनंद झाला. चकमा आपले धम्मबांधव आहेत.

परंतु अरुणाचलातील आदिवासींचे म्हणणेही ऐकले पाहिजे. त्यांची भूमी १८७३ च्या नियमनानुसार आखलेल्या अंतर्गत रेषेने संरक्षित आहे. परवान्याशिवाय बाहेरच्यास तेथे जाता येत नाही. संख्येने लहान असलेल्या जमातींना ही रेषा म्हणजे जगण्याची हमी वाटते. आणि चकमांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. कारण त्यांच्या मूळ प्रदेशालाही १९०० च्या नियमनाने तसेच संरक्षण होते. ते शिथिल झाल्यावर आणि पुढे सरकारनेच मैदानातील लाखो लोकांना डोंगरात आणून वसवल्यावर तेथील बौद्धांचे काय झाले, हे सर्वज्ञात आहे. तेव्हा प्रत्येक रेषा दुष्ट, असे म्हणता येत नाही. दुर्बळाची जमीन बळवंताकडून वाचवणारी रेषा आणि बळवंताची सुखवस्तू वस्ती दुर्बळापासून झाकणारी भिंत यांना एका मापाने मोजणे, हे प्रामाणिकपणाचे लक्षण नव्हे. अरुणाचलातला पेच असा की, तेथे दोन दुर्बळ एकमेकांसमोर उभे आहेत. सरकारने त्यांना तसे उभे केले आणि पन्नास वर्षे तो पेच सोडवला नाही.

चितगावच्या दक्षिणेस, नाफ नदीच्या पलीकडे, म्यानमारचा राखाइन प्रांत लागतो. १९८२ च्या नागरिकत्व कायद्याने तेथील रोहिंग्या मुसलमान बहुतांशी राज्यहीन झाले, आणि २५ ऑगस्ट २०१७ नंतरच्या काही महिन्यांत त्यांच्यापैकी सात लाखांहून अधिक लोक नदी ओलांडून बांगलादेशात गेले. हे घडवणारे राज्य बौद्धबहुल होते, आणि द्वेषाच्या प्रचारात काही चीवरधारीही होते. बांगलादेशाने त्यांना आत घेतले, ही मोठी गोष्ट; पण पुढे छावण्यांभोवती काटेरी तार आली, आणि २२ मार्च २०२१ रोजी आग लागली, तेव्हा त्या तारेमुळे बाहेर पडणे कठीण झाले, असे वाचलेल्यांनी सांगितले. भारतात आलेल्या रोहिंग्यांविषयी ८ एप्रिल २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, २१ वे कलम त्यांनाही लागू आहे. मात्र देशाबाहेर न घालवले जाण्याचा हक्क हा वास्तव्याच्या हक्काशी निगडित असून तो नागरिकांचा आहे, म्हणून रीतसर प्रक्रिया पाळून त्यांना पाठवता येईल.

२०१९ च्या नागरिकत्व दुरुस्ती कायद्यात अफगाणिस्तान, बांगलादेश आणि पाकिस्तान येथून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्या सहा धर्मांच्या लोकांसाठी वाट मोकळी केली आहे. त्या सहांत बौद्धांचे नाव आहे. मुसलमानांचे नाही आणि म्यानमारचेही नाही. या कायद्याचा राजकीय ऊहापोह येथे करावयाचा नाही. आम्हांस केवळ एवढेच विचारावयाचे आहे की, फाटकावरच्या यादीत आपले नाव वाचून जो दिलासा वाटला, तो कशाचा? पीडिताला आसरा मिळाल्याचा, की गावकुसाच्या आत एकदाची जागा मिळाल्याचा? चकमाच्या निर्णयावर आनंदलेला आणि रोहिंग्याच्या निर्णयावर गप्प राहिलेला बौद्ध २१ व्या कलमातील 'व्यक्ती' या शब्दाचा अर्थ 'आपला माणूस' असा करीत असतो. आम्हीही तो केला आहे. आमच्याच चर्चांत चकमांचा विषय अनेकदा निघाला. रोहिंग्यांचा निघाल्याचे आम्हांस स्मरत नाही.

तर उपासकांच्या प्रश्नास आमचे उत्तर असे. हद्द असण्यास हरकत नाही, फाटक असण्यासही नाही. पण फाटकाजवळ कोणी जागे असले पाहिजे, आलेल्याचे म्हणणे ऐकण्यापूर्वी त्याला परत लोटता कामा नये, आणि नि:शस्त्र माणसाचे रक्त काढणारी तार सीमेच्या व्याख्येत बसत नाही. कुंपणापलीकडे राहिलेल्या आपल्याच शेतकऱ्यासाठी रात्री फाटक उघडले जात नसेल, तर नदीपलीकडच्या सीमेसाठी विनयाने मागितलेली कायमची नाव तेथे नाही, एवढे म्हणण्याचा अधिकार आपणांस निश्चित आहे. किती जणांना घ्यावे, या प्रश्नाचा आकडा विनयात मिळणार नाही. तो प्रत्येक देशाने आपली जमीन, पाणी आणि रोजगार पाहून ठरवावयाचा आहे. मात्र आकडा ठरवताना बाहेर उभ्या असलेल्यांचे तोंड पाहावे लागेल.

विहाराच्या भिंतीविषयी मात्र आमच्याकडे एक वेगळी हकीकत आहे. मार्च २०१३ मध्ये म्यानमारमधील मेइक्तिला शहरात मुसलमानांविरुद्ध दंगल उसळली. तेथील एका विहाराचे प्रमुख भदंत ऊ विथुद्ध यांनी शेकडो मुसलमान स्त्री-पुरुषांना आणि मुलांना विहारात घेतले. जमाव आला आणि त्याने त्या लोकांना बाहेर काढून देण्याची मागणी केली. त्यांना न्यावयाचे असेल, तर आधी माझा जीव घ्यावा लागेल, असे भदंतांनी सांगितले. जमाव परत गेला.